नववीला कोडिंग शिकवायचंय? पहिला प्रोग्रॅम ऊसबिलाचा लिहून घ्या

कॉम्प्युटर क्लासवाल्यांसाठी केलेल्या व्हिडिओत शेवटची पाच मिनिटं मी फार घाईत उरकली. शाळेत जाऊन प्रोग्रॅमिंग शिकवायचं काम घ्यावं का, आणि घेतलं तर पहिल्या महिन्यात मुलांकडून नक्की काय करून घ्यायचं, असा तो भाग होता. आकडेमोड स्क्रीनवर धड दिसली नाही. म्हणून ती इथे सावकाश लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, मोबाईलवर नुसतं वर-खाली करून हे कळणार नाही.

बारामती, इंदापूर, भिगवण, वालचंदनगर, निमगाव केतकी या पट्ट्यात क्लास चालवणाऱ्याचं आतापर्यंतचं दुकान आपल्याला पाठ आहे. एमएस-सीआयटी, टायपिंग, टॅली आणि मे महिन्यात सुट्टीची बॅच. आता पालक वेगळं मागायला लागलेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीच्या पुढे कोडिंग आलं, त्यानंतर जाहिराती आल्या. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या ऊसशेतीतल्या एआय प्रयोगाचं नाव २०२५ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी घेतलं. तेव्हापासून तर चहाच्या टपरीवरसुद्धा लोक विचारतात, "सर, आमच्या पोराला एआय शिकवता का?" पोरगं नववीत आहे. त्याला शेकडेवारी विचारली की ते छताकडे बघतं.

यात पालकाची चूक नाही. त्याला वाटतं पोरगं कोडिंग शिकलं की हिंजवडीला लागलं. आपण क्लासवाल्यांनी हे वाटणं विकायचं नाही. का, ते आधी बघू.

अभ्यासक्रमात 'व्यवसाय' म्हणजे काय?

माध्यमिक शाळेत व्यवसाय विषय म्हणून जो 'आयटी-आयटीईएस' शिकवला जातो, त्याच्या मागे एनसीईआरटीच्या भोपाळच्या व्यावसायिक शिक्षण संस्थेची पुस्तकं आहेत. प्रत्येक पुस्तकावर एक 'जॉब रोल' छापलेला असतो. नववी-दहावीच्या पुस्तकावर काय आहे माहितीये? डोमेस्टिक डेटा एंट्री ऑपरेटर. 'ज्युनिअर सॉफ्टवेअर डेव्हलपर' हे नाव अकरावी-बारावीला येतं. म्हणजे ज्याला पालक कोडिंग समजून पैसे मोजायला तयार आहे, तो शाळेच्या कागदावर दहावीपर्यंत टायपिंग, स्प्रेडशीट आणि ईमेल आहे. मला हे वाईट वाटत नाही. स्प्रेडशीट नीट येणारं पोरगं आडत दुकानात उद्या सकाळी उपयोगी पडतं. पण पालकाला हे आधी सांगायला हवं.

अकरावी-बारावीला आपल्याकडे दुसरी वाट जुनी आहे, ती म्हणजे बायफोकल. कॉम्प्युटर सायन्स, २०० मार्कांचं. सी प्लस प्लस, एचटीएमएल आणि त्याच्या जोडीला ८०८५ मायक्रोप्रोसेसर. ही इंटेलची चिप १९७६ सालची, म्हणजे आज तो विषय शिकणाऱ्यांच्या वडिलांपेक्षाही बहुधा मोठी! मार्क चांगले पडतात, गणिताला आधार मिळतो, म्हणून पोरं घेतात. व्यवसायाचा आणि त्याचा संबंध मात्र प्रॅक्टिकलच्या जर्नलपुरता उरलाय.

मी सुद्धा एकेकाळी तसंच शिकवलंय. एका शाळेत शनिवारची बॅच घेतली होती. पहिल्या महिन्यात मुलांकडून स्टारचे पिरॅमिड छापून घेतले. एक स्टार, खाली दोन, खाली तीन. मुलं खूश, हेडमास्तर खूश, मीही खूश. दुसऱ्या महिन्यात शेवटच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, हे कुणाला लागतं?" मी काहीतरी लॉजिक-बिजिक सांगून वेळ मारून नेली. तिसऱ्या महिन्यात तीस पोरांतली अकरा उरली. ती अकरासुद्धा माझ्या शिकवण्यामुळे उरली असं मी म्हणणार नाही, लॅबमध्ये पंखा होता.

उत्तर आपल्याच जिल्ह्यात होतं

'हे कुणाला लागतं' या प्रश्नावर पुणे जिल्ह्यात चाळीस वर्षांपूर्वीच काम सुरू झालंय. शिरूर तालुक्यातलं पाबळ. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग तिथे गेले आणि १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय शाळांमध्ये आला, आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस. मुलं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, माती तपासतात, स्वयंपाकघरातलं विज्ञान शिकतात. दोन गोष्टी मला त्यात फार महत्त्वाच्या वाटतात. एक, शिकवायला गावातलाच हातात कसब असलेला माणूस येतो. दुसरी, मुलांनी केलेलं काम गावात कुणालातरी खरोखर लागतं. गेट बनवलं तर ते कुणाच्यातरी वाड्याला बसतं. बसलं नाही तर त्याच दिवशी कळतं की माप चुकलं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीची फॅब लॅब पाबळला आली, ती उगीच नाही.

आता प्रोग्रॅमिंगला हेच लावा. गेट कुणाच्या वाड्याला बसेल?

बारामतीने यंत्र दारात न्यायचं काम आधीच करून बघितलंय. विद्या प्रतिष्ठानच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेने 'विद्यावाहिनी' नावाने कॉम्प्युटर बसवलेली बस खेड्यांतल्या शाळांपर्यंत नेली होती. पुढे राज्याच्या आयसीटी योजनेतून शाळांना लॅब मिळाल्या. कंपनीने लॅब उभारायची, शिक्षक द्यायचा, पाच वर्षं चालवायची आणि मग शाळेच्या हवाली करायची, असा तो करार. पाच वर्षं झाली, करार संपला, कंत्राटी शिक्षक घरी गेले. लॅबला कुलूप. आज तुम्ही एखाद्या शाळेत गेलात तर मशीन बहुतेक सापडेल, धूळ बसलेलं. त्यावर करायला काम आणि ते करून घेणारा माणूस, या दोन गोष्टी सापडणार नाहीत.

ते काम आपल्या मुलांच्या घरात, देवघराच्या फळीवर, बिलांच्या पिशवीत पडलंय.

धडा: ऊसबिल

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. वर्गात विचारा, तुमचा ऊस कुठे जातो? हात वर होतील. पुढच्या तासाला घरून एक जुनं बिल आणायला सांगा. नाव आणि बँक खात्याचा नंबर कागदाची पट्टी चिकटवून झाकायला लावा. हे विसरू नका. कुणाच्या घरावर सोसायटीचं किती कर्ज आहे, हे वर्गाला कळायचं कारण नाही. ज्याच्याकडे ऊस नाही त्याला दुधाचं दहा दिवसांचं बिल चालेल, किराणा दुकानाची उधारीची वही चालेल. ऊसतोड मजुरांची मुलं वर्गात असतील तर टोळीच्या उचलीचा हिशेब आपण होऊन काढायला लावू नका, नाजूक मामला असतो.

आता नियम. २०२५-२६ हंगामाची एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये. ती १०.२५ टक्के उताऱ्याला. उतारा त्याच्यावर गेला तर दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ. खाली आला तर तेवढीच घट. पण ९.५ टक्के किंवा त्याखाली कितीही गेला तरी ३२९.०५ च्या खाली दर जात नाही.

ही भाषा वाचा बरं पुन्हा. 'वर गेला तर', 'खाली आला तर', 'त्याखाली कितीही गेला तरी'. इफ, एल्स-इफ, एल्स! पुस्तकातल्या 'तीन संख्यांतली मोठी शोधा' पेक्षा हे पोरांना लवकर कळतं. एकाच्या कारखान्याचा उतारा ११ च्या वर असतो, शेजारच्याचा साडेदहाच्या आत. दोघांच्या दरात फरक का, हे घरात बोललं गेलेलं असतं.

पहिल्या तासाला कॉम्प्युटर लावायचाच नाही. फळ्यावर एक गणित सोडवा. उतारा ११.२. म्हणजे १०.२५ च्या वर ०.९५. ०.१ चे किती टप्पे? साडेनऊ. साडेनऊ गुणिले ३.४६ म्हणजे ३२.८७. दर झाला ३८७.८७ क्विंटलला, टनाला ३,८७८.७०. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. धड्यासाठी आपण टनाला ९०० रुपये धरू. राहिले २,९७८.७०. ऊस ३८.४५० टन. मिळणार १,१४,५३१ रुपये २ पैसे.

इथे एखादी मुलगी हात वर करतेच. "सर, अर्धा टप्पा धरायचा का?" नियम म्हणतो 'दर ०.१ टक्क्याला'. अर्धा टप्पा सोडून फक्त नऊ पूर्ण टप्पे धरले, तर दर येतो टनाला ३,८६१.४०. फरक १७ रुपये ३० पैसे. आपल्या ३८.४५० टनांवर हा फरक ६६५ रुपये झाला. वर्ग गप्प होतो बघा. या प्रश्नाचं उत्तर पायथॉनच्या पुस्तकात नसतं. दोन्ही पद्धतींनी काढायचं आणि हातातल्या बिलावरच्या दराशी ताडून बघायचं. जुळलं नाही तर शेतकी ऑफिसला जाऊन विचारायचं. सॉफ्टवेअरच्या धंद्यातलं निम्मं काम हेच आहे, गिऱ्हाइकाला 'अर्ध्याचं काय करायचं' असं वेळेत विचारणं. मोठ्या कंपन्या यासाठी पगार देऊन वेगळी माणसं ठेवतात.

दुसऱ्या तासाला मशीन. पायथॉन घ्या. फुकट आहे, जुन्या मशीनवर चालतो, एकदा टाकला की इंटरनेट लागत नाही. एक गंमत सांगतो. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. 'उतारा', 'दर', 'टन' असं सरळ लिहा. प्रोग्रॅम चालू असताना मुलाने ११.२ हा आकडा मराठी अंकांत टाइप केला तरी तो ओळखतो. प्रोग्रॅमच्या ओळीत लिहायचे आकडे आणि इफ-एल्स मात्र इंग्रजीतच. कीबोर्ड सारखा बदलावा लागतो, म्हणून महिनाभर असं चालवू नका. पण पहिल्या दिवशी मुलाला स्क्रीनवर 'उतारा' दिसला की त्याची भीती निम्मी होते, हा माझा अनुभव.

प्रोग्रॅमचा सांगाडा मराठीत असा:

उतारा विचार.
उतारा ९.५ किंवा कमी असेल, तर दर ३२९.०५.
नाहीतर, उतारा १०.२५ पेक्षा कमी असेल, तर जितके टप्पे खाली तितके ३.४६ वजा कर.
नाहीतर, जितके टप्पे वर तितके ३.४६ मिळव.
दराला १० ने गुण, तोडणी-वाहतूक वजा कर, टनांनी गुण, छाप.

आता खड्डा

हा भाग व्हिडिओत राहून गेला आणि तोच सगळ्यात कामाचा आहे. पूर्ण टप्पे मोजायचे म्हणून मुलं काय करतात? उताऱ्यातून १०.२५ वजा, भागिले ०.१ आणि दशांश कापून टाका. ११.२ ला नऊ येतात, बरोबर. मग तुम्ही सांगा, उतारा १०.३५ टाका. तोंडी कुणीही सांगेल, एक टप्पा. मशीन सांगतं शून्य.

करून बघा, थट्टा नाही. कॉम्प्युटर दशांश अपूर्णांक आपल्यासारखे दहाच्या हिशेबात ठेवत नाही, दोनच्या हिशेबात ठेवतो. आपल्याला एक तृतीयांश दशांशात लिहिताना ०.३३३ असं कुठेतरी थांबावं लागतं, तसं त्याला १०.३५ लिहिताना थांबावं लागतं. त्याच्याकडे १०.३५ हा आकडा केसभर कमी साठतो. वजाबाकी येते ०.०९९९९९ आणि पुढे. भागाकार येतो ०.९९९९९. दशांश कापला, शून्य राहिलं. शेतकऱ्याचे टनाला ३४ रुपये ६० पैसे गेले. आपल्या ३८.४५० टनांच्या बिलात १,३३० रुपये. कुणी चोरले नाहीत, कुणी लबाडी केली नाही, प्रोग्रॅम एररही दाखवत नाही.

उपाय सोपा आहे. उतारा आधी १०० ने गुणून जवळच्या पूर्णांकात आणायचा. १०.३५ चे झाले १०३५. त्यातून १०२५ गेले, राहिले १०. त्याला १० ने पूर्णांकी भागलं, टप्पा १. व्यवहारात पैसेसुद्धा असेच ठेवतात, रुपये-दशांश न ठेवता सरळ पैशांत, पूर्णांकात. हे एकदा ऊसबिलावर कळलं की मूल जन्मभर विसरत नाही. हाच मुद्दा मी पूर्वी 'फ्लोटिंग पॉइंट' असं फळ्यावर लिहून दोन तास शिकवला होता, तेव्हा निम्मी पोरं झोपली होती.

तिसरा धडा तारखांचा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. १,१४,५३१ रुपये ३० दिवस उशिरा आले तर व्याज किती? साधारण १,४१२ रुपये. दोन तारखांतले दिवस मोजणं, लीप वर्ष, १४ दिवस संपल्यावरच व्याज सुरू करणं, हे सगळं त्यात येतं. इथे एक सांभाळा. आपण मुलांना हिशेब शिकवतोय, कारखान्यावर मोर्चा न्यायला नाही. वर्गात कुठल्याच कारखान्याचं नाव घेऊन बोलू नका. शाळेच्या समितीत कोण बसतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

स्वतः पायथॉन नवीन असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीत आहेत, फुकट आहेत. एकेक धडा छोटा. आधी आपण पंधरा दिवस बसा, मग वर्गात जा.

पैशाचं गणित

आता आपल्या पोटाचं. ज्या शाळेला व्यवसाय विषयाची शासनमान्यता आहे, तिथे प्रशिक्षक शासनाने नेमलेल्या संस्थेमार्फत येतो. तिथे तुम्हाला परस्पर तास मिळणार नाही. तुमची जागा बाकीच्या शाळांत, जादा उपक्रम म्हणून.

समजा भिगवणकडची शाळा, बारामतीहून जाऊन-येऊन ५५ किलोमीटर. ३० मुलं, महिना १५० रुपये, म्हणजे ४,५००. आठवड्याच्या दोन तासिका वेगवेगळ्या दिवशी घेतल्या तर पेट्रोलमध्येच घाम निघेल. एकाच दिवशी जोडून घ्या, चार फेऱ्या, साधारण ५०० रुपये. हातात राहिले ४,०००. एका शाळेवर घर चालत नाही. एकाच रस्त्यावरच्या चार शाळा धरल्या तर १६,०००, आणि संध्याकाळी तुमचा क्लास मोकळा. परीक्षा, दिवाळी आणि मे धरून वर्षाचे आठच महिने पैसे येतील असं मांडा. ज्याने बारा महिने मांडले तो मार्चमध्ये फोन करून मला शिव्या देतो.

फी थेट मुलांकडून घेऊ नका. शिक्षक-पालक संघात ठराव, शाळेची पावती आणि शाळेकडून तुम्हाला चेक. ज्यांना जमत नाही अशा चार-पाच मुलांची फी सोडा, पण ते नाव फक्त हेडमास्तरांना माहीत असू द्या.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. मुलाने केलेला हिशेबाचा प्रोग्रॅम आडत दुकानदाराला आवडला, म्हणून तो तुमच्या नावाने विकू नका. नववीच्या पोराकडून फुकट कामं करून घेऊन पैसे आपण खाल्ले, ही बातमी तालुक्यात एका बाजाराच्या दिवसात फिरते. दुकानदाराला पुढचं पक्कं काम हवं असेल तर ते वेगळं ठरवा, तुमच्या वेळेत, तुमच्या हाताने.

पालकसभेत काय बोलायचं? मी आता एवढंच बोलतो: "वर्षाच्या शेवटी तुमचं मूल तुमच्याच घरातलं एक बिल कॉम्प्युटरवर तपासून दाखवेल. नोकरीचं मी काही सांगत नाही, त्याला अजून चार-सहा वर्षं आहेत." पहिल्यांदा हे बोललो तेव्हा वाटलं, निम्मे उठून जातील. दोघे गेले. बाकीच्यांपैकी एका आजोबांनी सभेतच पिशवी उघडली आणि मागच्या हंगामाचं बिल पुढे केलं, "हे बघा बरं, बरोबर आहे का?"

पुढच्या व्हिडिओत दुधाचं बिल घेऊ, फॅट आणि एसएनएफचा तक्ता प्रोग्रॅममध्ये कसा बसवायचा ते. तोपर्यंत तुम्ही १०.३५ टाकून बघा आणि तुमच्या मशीनवर शून्य येतंय का एक, ते पडताळा.